कासमनं दाखवलेलं कैरो

माझ्या टांग्याच्या घोडीचा मागचा नाल सैल झाला होता, म्हणून तिला लगामाला धरून कासमकडे निघालो, तर वाटेतच त्याच्या शेजाऱ्यानं अडवलं. "सखारामभाऊ, कासम पहाटे गेला..." मी उभाच राहिलो. घोडी मात्र सवयीनं त्याच्या दुकानाकडे ओढत होती.

कासम नालबंद. मोठ्या लढाईत देवळालीहून फौजेच्या खेचरांबरोबर मिसर देशी गेला आणि कैरो शहर पाहून आला. आल्या आल्या बायकोला, हनिफाला, शब्द देऊन बसला, "तुला कैरो दाखवीन." वर्षं गेली. आगबोटीचं भाडं नालबंदाला कुठलं परवडतंय? पण शब्द काही त्यानं सोडला नाही. मागं हनिफावहिनी मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा मला म्हणाला, "सख्या, टांगा जोड. हिला कैरोला न्यायचंय."

मी म्हटलं, याचं डोकं फिरलं. पण गडी तिच्याशेजारी ऐटीत बसला. गोदावरी आली. "ही नाईल समज. ती हिच्याहून दसपट रुंद." वहिनी म्हणाली, "अहो, तुमच्या नाईलवर पण बायका धुण्याच्या दगडावरून अशाच भांडतात का?" "याहून जास्त!" तांबट आळीत त्यानं टांगा थांबवला. "डोळे मीट. तिथल्या बाजारात हाच ठोका, हाच आवाज." तिनं खरंच डोळे मिटले... बराच वेळ. जुन्या गढीशी सुलतानाचा किल्ला दाखवला, त्यावरच्या मशिदीचे टोकदार मिनार बोटानं हवेत काढले. पुढं पांडवलेण्याचा डोंगर दिसला तसा म्हणाला, "हा पिरॅमिड."

"तुझा उंच की आमचा?" मी विचारलं.

"तुमचा. पण तिकडचा माणसांनी दगडावर दगड ठेवून रचलाय."

"आमचाही माणसांनीच कोरलाय." मी काही हटलो नाही.

"मग फिटंफाट," म्हणाला आणि खदखदून हसला.

गावात लोक हसले. हसू द्या. त्यांतल्या किती जणांनी बायकोला दिलेला शब्द पाळला, ते मला ठाऊक आहे. कासमनं पाळला, आणि तोही खोटं एक अक्षर न बोलता.

कासमला जाऊन पाच महिने झाले. परवा वहिनीला तिच्या बहिणीकडे सोडायला टांगा नेला. नदी ओलांडली, मी घोडीला जरा पळवलं, तसा मागून आवाज आला, "भाऊ, हळू... इथं उंट आडवे येतात."

रस्ता मोकळा होता. तरी मी लगाम खेचला.