सरांच्या खोट्या कबरी

आमच्या अकॅडमीच्या ऑफिसात एका गोऱ्या माणसाचा फोटो लावलेला आहे. डोक्यावर तिरकी टोपी, चेहरा करारी. सव्वीस जानेवारीला त्याला हार पडतो. नवी पोरं पहिल्या दिवशी हळूच विचारतात, "मॅडम, हे सरचे सासरे का?" मी म्हणते, "हो, फ्रान्सचे सासरे. वाकून नमस्कार करा."

अकॅडमी म्हणजे पोलीस भरतीची तयारी करून घेणारी जागा. चंद्रपूरहून मूलकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, धावायचं मैदान आणि गोळाफेकीचं वर्तुळ. मी तिथं मराठी व्याकरण शिकवते. बी.एड. करून कायम नोकरी लागली नाही, त्याचं रडगाणं इथं गात नाही. पोरांना 'मला, तुला' शिकवते आणि ती ऐकत नसली की 'मले, तुले' करून झापते. मग बरोबर ऐकतात.

सर नेव्हीतून निवृत्त झालेले. जन्म कोळशाच्या गावातला, नोकरी समुद्रावरची. घ्या! परत आले ते या फ्रेंच माणसाला सोबत घेऊन. प्रत्येक बॅचला पहिल्या सकाळी त्याची गोष्ट. बँकेत बसणारा माणूस चाळिशीला आला, दुसरं महायुद्ध पेटलं तसा आरमारात शिरला. देश जर्मनांच्या हाती पडला तेव्हा इंग्लंडला गेला. तिथं आपल्यासारखीच घर सुटलेली पोरं जमवली, त्यांचं कमांडो पथक उभं केलं, स्कॉटलंडच्या डोंगरात त्यांना घासून काढलं आणि एका सकाळी आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर उतरला. जखमी झाला, तरी लगेच मागं फिरला नाही. इथं सरांचा आवाज भरून येतो. पोरं खालच्या मुंग्या मोजत असतात.

मला ती गोष्ट ऐकवत नसे. माझा दादा असल्याच एका पथकात होता, इकडच्या जंगलात नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या पोलिसांच्या. त्या पथकाची कल्पनाही तीच होती, मातीतली पोरं घ्यायची. ज्यांना वाटा ठाऊक, ओढे ठाऊक, गोंडी येते, अशी. आमचं गाव एटापल्लीकडे. दादा बारावी झाला, उंची भरली, पळण्यात कोणाला हार जात नव्हता. लागला. त्याच्या जिवावर मी शिकले. फरक एवढाच की त्या फ्रेंच माणसाची पोरं लढत लढत घराकडे चालली होती. आमच्या दादाला लढायचं असेल तर घरी पाऊल टाकायचं नाही, असं होतं.

तसं त्याला बजावूनच ठेवलं होतं. सुट्टी घ्या, पण गावात जाऊ नका. बाजार नको, कोंबड्यांची झुंज नको, सण तर मुळीच नको. जंगलातल्या माणसांना सणाची तारीख पोलिसांपेक्षा आधी कळते. दादा सगळं पाळायचा. फक्त मरका पंडुम त्याला सुटला नाही. हा आमचा आंब्याचा सण. गावाची पूजा होईपर्यंत नवा आंबा तोंडाला लावायचा नाही, आणि पूजेचा आंबा आपल्या पेनाजवळ, म्हणजे कुळाच्या देवाजवळ, बसून खायचा. पथकातली पोरं गडचिरोलीत आंबे चोखायची आणि हा बसायचा तसाच. हसायचे त्याला. एका वर्षी गेला, दुसऱ्या वर्षी गेला. तिसऱ्या वर्षी परत निघाला तेव्हा ओढ्यापाशी ते जंगलातले बसलेले होते.

गाव काय म्हणालं, माहीत आहे? "थो आलाच नाई." पोलिसांना तेच सांगितलं, जंगलातल्यांना तेच. आला म्हटलं की एक जण विचारणार, जेऊ कोणी घातलं, आणि दुसरा विचारणार, खबर कोणी दिली. भीती मला कळते हो, मी काही महालात वाढले नाही. पण ज्या म्हातारीनं त्याच्या पुढ्यात स्वतःच्या हातानं आंबा चिरला, तिलाच सांगायचं की तो आला नव्हता? माझ्या आईला? सगळ्या गावानं सांगितलं.

आई म्हणजे माझी यायो. गोंडीत आईला तसं म्हणतात. ती माझ्याशी गोंडीतच बोलते, इथं मी तिचं बोलणं आमच्या बाजारातल्या मराठीत लिहिते. त्या वर्षी आम्हाला गाव सोडावं लागलं आणि ती माझ्याबरोबर चंद्रपुरात आली. तेव्हापासून तिनं आंबा खाल्लेला नव्हता. बाजारात हातगाडीवर आंबे दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून चालायची.

सरकारनं दादाला मान दिला, खोटं कशाला बोलू. तिरंगा होता, बंदुकांच्या फैरी झाल्या, कुठल्याशा भिंतीवर नावही असेल. पण यायोला भिंत नको होती, दगड हवा होता. आमच्याकडे माणूस गेला की कुळाच्या ओळीत त्याच्या नावाचा दगड उभा करतात. तेव्हा तो आपल्या लोकांत जाऊन बसतो, नाहीतर भटकत राहतो. आणि तो दगड घरच्यांनी उभा करून चालत नाही. दुसऱ्यांनी उचलावा लागतो, गावानं, सोयऱ्याधायऱ्यांनी. आईनं स्वतः रोवला तर तो नुसता दगड. नाहीतर यायोनं कधीच डोक्यावर वाहून नेला असता.

दर उन्हाळ्यात मी गावच्या पाटलाला विचारायची. दर उन्हाळ्यात तो म्हणायचा, "बाई, आलाच नाई त दगड कोनाचा मांडू?" पुढं जंगलातली माणसं एकेक करून शरण आली. त्यांचे सत्कार झाले, हातात गुलाब दिले, फोटो छापून आले. कोणी सांगावं, ओढ्यापाशी बसलेल्यांपैकीही एखादा त्या फोटोत असेल. मी पाटलाला म्हटलं, आता तर कोणाची भीती नाही? तो म्हणाला, "आता भीती नाई, पन आता काऊन उकरतं बाई? पोरायले ठाऊकच नाई ते." घाबरून म्हणाला असता तर सोसलं असतं. हा तर कंटाळून म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यायोला मी एवढंच सांगितलं, अजून नाही म्हणतात.

आणि त्याच उन्हाळ्यात सरांना कबरींचं वेड लागलं.

कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं. त्या फ्रेंच माणसानं जिथं आपली पोरं तयार केली, त्या इंग्रजांच्या शिबिरात फाटकातून आत जाताना कडेनं खोट्या कबरी होत्या. आत कोणीच नाही. वर फक्त पाटी, की हा माणूस कोणत्या चुकीनं मेला. येणाऱ्या प्रत्येक पोरानं वाचत वाचत आत जायचं. सर म्हणाले, "मॅडम, काय डोकं आहे बघा!" मी म्हटलं, "सर, आपली पोरं तलाठ्याचाही फॉर्म भरतात. त्यांना कबर कशाला?" पण ऐकतील ते सर कसले.

पोरांना कामाला लावलं. मातीचे ढिगारे, प्रत्येकाच्या डोक्याशी एक उभा दगड चुन्यानं रंगवलेला, त्याला टेकून पत्र्याची पाटी. 'हा टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला.' 'याने बंदूक साफ केली नाही.' एक पोरांनी आपल्या मनानं घातली, 'हा रील बघत होता.' तिच्यापाशी सगळे सेल्फी काढायचे. मीसुद्धा हसले होते, लपवत कशाला.

एका सोमवारी आत येताना शेवटी एक नवी दिसली. बाकीच्यांहून मोठा दगड, चांगला कमरेएवढा, अजून चुना न लावलेला. पाटीवर लिहिलं होतं, 'हा सणाला घरी गेला.'

मी तिथंच थांबले. मागून धावत आलेला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हे वाली खरी गोष्ट आहे. एटापल्लीकडला होता म्हने. आंबा खायले गेला अन् मेला." आणि हसला. त्याचं काय चुकलं? शेजारच्या पाटीवरही असाच हसला होता. पण सणाला घरी जाणं म्हणजे बंदूक साफ न करणं? त्याच ओळीत? रील बघणाऱ्याच्या शेजारी?

ऑफिसात जाऊन मी सरांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की 'मले'वर आले होते. "तुमचा तो गोरा आपल्या घरी जायसाठीच लढला ना? मंग त्याले हार, अन् माह्या भावाले चूक?" सर खुर्चीतून उठले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. गोष्ट गावोगावची झाली होती, माणूस कोणाचा हे कोणी विचारलं नव्हतं. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "मॅडम, आत्ता काढतो. आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, "उद्या काढा, परवा काढा, माझी काही हरकत नाही. मी चालले."

घरी आले तेव्हा यायो दारात चिंचा फोडत होती. माझं तोंड पाहून तिनं विचारलं आणि मी सगळं ओकले. वाटलं, आता ही रडेल. तिनं हातातली चिंच खाली ठेवली.

"दगड हाय तिथी?"

"आहे."

"खरा? का शिमिटाचा?"

"खरा. मैदानातूनच काढलेला."

"उभा का आडवा?"

"उभा."

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "कोनं उभा केला?"

"पोरांनी. दहाबारा जणांनी मिळून उचलला असेल, भारी आहे."

"कुठची पोरं?"

"सगळीकडची. जिवतीची आहेत, सिरोंच्याची आहेत, आपल्या एटापल्लीकडचीही आहेत. गोंड, कोलाम, बौद्ध, सगळे."

"त्याच्याच नावानं उचलला ना?"

त्याच्या नाही, त्यानं केलेल्या चुकीच्या नावानं, असं सांगणार होते. जीभ उचलेना.

"मले ने," यायो म्हणाली.

मी भांडले. म्हटलं, अगं ती थट्टा आहे, शिकवणी आहे, उद्या ते उपटून टाकणार आहेत. तुझी सगळी हयात गेली आणि शेवटी तुला हा दगड चालतो? ती म्हणाली, "गाव देत नाई. तू देऊ शकत नाई. मी देऊ शकत नाई. ज्याईनं देल्ला त्याईचा घीन." मी सरांना फोन केला, आजच्या दिवस हात लावू नका. यायोनं हळद, तांदूळ, मोहाच्या दारूची बाटली आणि सुरी पिशवीत घेतली. ऑटो केला. वाटेत तिनं एका हातगाडीपाशी तो थांबवला, उतरली आणि स्वतः निवडून एक आंबा घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पोरं जेवायला गेली होती. सर फाटकापाशी एकटेच उभे होते, टोपी काढून. यायो त्या ओळीतून सावकाश चालली. प्रत्येक ढिगाऱ्यापाशी थांबायची.

"हे कोनाचे?"

"कोणाचेच नाहीत, यायो. खोटे आहेत."

"मेले नाई का हे?"

"नाही."

"बरं हाय मंग. त्याईच्या मायांचं बरं हाय."

शेवटच्या दगडापाशी तिला सांगावं लागलं नाही. खाली बसली. दगडावरून हात फिरवला, हळद लावली, तांदूळ ठेवले, मोहाच्या दारूचे चार थेंब सांडले. मग आमच्या पेनाचं नाव घेतलं आणि बापाचं, आजाचं, त्याच्याही आधीच्यांचं नाव घेऊन त्यांना म्हणाली, याला जागा द्या. उन्हानं मैदान तापलं होतं. सर मागं उभे राहून घाम पुसत होते, का डोळे, मी पाहिलं नाही. मला त्यांच्यावर दया करायची नव्हती.

यायो उठू लागली तसे सर पुढं झाले. म्हणाले, "आई, दगड राहू द्या, जन्मभर राहू द्या. ही पाटी तेवढी मी काढतो."

यायोला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय लिवलं हाय?"

वाटलं, खोटं सांगावं. नाव लिहिलंय म्हणावं, शूर होता असं लिहिलंय म्हणावं. पण सांगितलं खरंच. हा सणाला घरी गेला.

यायो पाटीकडे पाहत राहिली. मग सरांच्या हाताला धरून तिनं त्यांना बाजूला केलं.

"नोको काढू, भाऊ," ती म्हणाली. "पुरं गाव म्हनते, थो आलाच नाई. आला व्हता ना थो. कोनं त खरं लिवलं."

तिनं आंबा चिरला. एक फोड दगडापाशी ठेवली, एक आपल्या तोंडात टाकली, एक मला दिली. "आंबट हाय," म्हणाली, आणि चावत राहिली. माझी फोड तशीच हातात होती. मला खाववेना.