पानठेलेवाल्याची बोलिंग

तरुणपणी मी स्वतःला भारी दयाळू समजायची. लंगड्या कोंबडीला दोन दाणे जास्त टाकायची आणि अख्ख्या अड्याळ गावात सांगत फिरायची. ती खोड अजून आहे, म्हणून आमच्या पानठेलेवाल्याने दिव्यांग आणि धडधाकट अशा सगळ्यांची एकत्र बोलिंग सुरू केली, तेव्हा टाळ्या वाजवायला मीच पुढे.

दर रविवारी तो समाजमंदिरात रेती भरलेल्या बाटल्या मांडतो; चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या. ज्यांचा हात उचलला जात नाही, त्यांनी उभ्या चिरलेल्या पाइपातून चेंडू सोडायचा. तो बोलतो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्यासारखं, सावकाश. पान शिळं असलं तर विकायच्या आधीच सांगतो.

परवा डोळ्यांनी अधू शेवंताबाई पहिल्यांदा आली. तिचा चेंडू सरळ भिंतीवर गेला.

"पडल्या, पडल्या," म्हणत आम्ही बायांनी टाळ्या पिटल्या.

"कायले खोटं बोलता? मले आयकू येते ना. मी काय लेकरू आहो?" ती काठी चाचपू लागली. "जातो मी घरी."

पानठेलेवाला म्हणाला, "एकबी नाही पडली, मावशी. वीतभर उजवीकून गेला." आणि त्याने चेंडू पुन्हा तिच्या हाती दिला.

दुसराही हुकला.

"आता किती?"

"चार बोटं."

"मंग आन इकडे," शेवंताबाई म्हणाली आणि तिने पदर कमरेला खोचला.