चौथ्या मजल्यावरची दृष्ट

पेणला होते तोवर पोर सांभाळणं हे काम असतं हेच मला ठाऊक नव्हतं. रामवाडीत आमच्या आळीतल्या बायका गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने मूर्तींच्या कारखान्यात जायच्या, पॉलिश पेपरने मूर्ती घासायला. जाताना पोरं आमच्या ओटीवर सोडून जायच्या, विचारायच्याही नाहीत. एक कडेवर, एक पायाशी, एक झोळीत, आणि त्यातच मी भाकऱ्या थापायचे. आम्ही ज्यू, शनिवारी चूल न पेटवणारे, आणि त्या गणपती घडवणाऱ्या. पण पोराच्या नाकातल्या शेंबडाला कुठला आलाय धर्म? संध्याकाळी आया यायच्या, केसांत पांढरी धूळ, आणि आपापलं पोर उचलून चालू लागायच्या. आभार मानायची पद्धत नव्हती. कुणी मानले असते तर मीच रागावले असते.

नवरा डोलवीला एका ठेकेदाराकडे होता. ते काम आटोपलं आणि तो घरी बसला. आमच्यातली बहुतेक घरं तोवर इस्राएलला निघून गेली होती. रोह्याजवळच्या माझ्या माहेरच्या गावात तर आमच्यापैकी एकाच घरात दिवा लागत होता. दीर तिकडून सारखा बोलवत होता. शेवटी नवरा, मी आणि आमची चौदा वर्षांची मुलगी, अशी तिघं निघालो. सासू आली नाही.

"मी नाय येत," ती म्हणाली. "तिथं मला 'गो' म्हणणारं कोण हाय?"

पण बॅगेत तिने खडे मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या बांधून दिल्या. परक्या मुलखात दृष्ट जास्त लागते, असं तिचं म्हणणं.

इस्राएलमधलं आमचं गाव वाळवंटाच्या कडेला होतं. सगळ्या इमारती एकसारख्या, चार मजली. पहिले कित्येक दिवस मी आमचाच जिना शोधत फिरायचे. रोह्याकडची एक बाई आमच्या आधी दहा-बारा वर्षं तिथे जाऊन राहिलेली. मी तिला मावशी म्हणायचे. तिने पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं.

"हे बघ गो, आपल्या बायकांना हिकडं दोनच कामं. जिने धुवा नाय तर पोरं सांभाळा. जिने कंबर मोडतात आणि पोरं जीव लावतात. कशानं मरायचं ते तुझं तू ठरव."

आधी जिनेच मिळाले. अख्खा हिवाळा मी जिने धुतले. वरून बादली ओतायची आणि पाणी पायरी-पायरीने खाली ओढत आणायचं. पाण्यातल्या फिनेलचा वास जेवतानाही नाकातून जायचा नाही. लोक माझ्या अंगावरून वर-खाली जायचे आणि मी भिंतीला चिकटून उभी राहायचे. मुलगी एक दिवस म्हणाली, "आई, शाळेजवळच्या इमारती घेऊ नकोस." ते मला आतून फार लागलं. पेणला आमच्याकडेच भांड्यांना बाई यायची. त्या दिवसापासून माझ्या मनाने एकच घेतलं, की कुणाचं तरी पोर सांभाळायला मिळालं पाहिजे. निदान काम विचारल्यावर मान खाली घालावी लागणार नाही.

मावशीनेच एक घर शोधलं. "काय विचारलं तरी व्हय म्हणायचं," एवढीच शिकवणी. घर चौथ्या मजल्यावर. बाई रशियातून आलेली, माझ्याहून बरीच लहान. तिकडे इंजिनीअर होती आणि इकडे एका दुकानात काउंटरवर उभी. तिचा नवरा दुसऱ्या गावी कामाला, शनिवारपुरता यायचा. हिब्रू तिचीही मोडकी, माझी तर त्याहून. ती विचारत गेली, मी होकार देत गेले. कशाकशाला होकार दिला ते आजही सांगता येणार नाही. तिचं पोर होतं दहा महिन्यांचं. ते आपणहून माझ्या कडेवर आलं आणि त्याने माझ्या गळ्यातले काळे मणी मुठीत धरले. ते सुटेनात. ती हसली आणि मला काम मिळालं.

मला ते पोर आवडलं. उगाच का खोटं बोलू, फार आवडलं. त्याला आंघोळ घालायची, भरवायचं, खिडकीशी नेऊन खालच्या मांजरी दाखवायच्या. दिवसभर मी त्याच्याशी मराठीच बोलायचे. दुसरी भाषा येत होती कुठे? त्याची आई संध्याकाळी यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे. ती बूट काढेपर्यंत पोर माझ्याकडेच असायचं, आणि बूट काढल्यावरही तिच्याकडे जायला जरा कुरकुरायचं. तेव्हा तिचं तोंड उतरायचं. मला ते दिसायचं, पण मनातून सुखही व्हायचं.

मग एकदा पोर रडायला लागलं ते थांबेचना. दूध नको, भात नको, झोप नको. डॉक्टरांनी बघून काही नाही म्हणून सांगितलं. काही नाही म्हणजे काय असतं ते पेणच्या बाईला कळतं. दोनच दिवस आधी जिन्यात एका बाईने त्याचे गाल ओढून भरभरून कौतुक केलं होतं. आई दुकानात गेल्यावर मी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या, पोरावरून उतरवल्या, आल्यागेल्याची, वाटेवरची म्हणत सगळ्यांची नावं घेतली आणि मूठ गॅसवरच्या तापल्या तव्यात टाकली.

आमच्यात म्हणतात, दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही. पहिला क्षण ठसका आला नाही. बघ, मी म्हटलंच होतं, असं मनात म्हणेपर्यंत डोळ्यांना धारा लागल्या. पेणच्या घरात धूर कौलांतून निघून जातो. इथे वर सिमेंट, बाहेर धुळीचं वारं म्हणून खिडक्या बंद, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी दार उघडलं तसा धूर जिन्यात उतरला. वरपासून खालपर्यंत माणसं खोकायला लागली.

तिथे युद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती. विषारी वायूच्या भीतीने घरोघर मास्कचा खोका दिलेला असायचा. समोरचा म्हातारा तोंडाला तो काळा मास्क लावून बाहेर आला आणि हातवारे करून मला खाली हाकलायला लागला. आधीच मी घाबरलेली, त्यात हा सोंडेचा माणूस. पोराला पोटाशी धरून मी चारही मजले धावत उतरले. खाली अर्धी इमारत उभी होती. मग कुणीतरी वर जाऊन तवा घेऊन आलं, करपलेल्या मिरच्यांसकट. काहीजण शिव्या देत होते, काही पोट धरून हसत होते. त्या गडबडीत पोर मात्र रडायचं थांबलं होतं.

तेवढ्यात त्याची आई बसमधून उतरली. गर्दी बघून पळत आली आणि तिने पोर माझ्याकडून ओढून घेतलं. ते किंचाळलं आणि माझ्याकडे झेपावलं, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. नडलं ते हे, मिरच्या नाहीत, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला सावकाश, एकेक शब्द मोजून सांगितलं. पोर आता दुसऱ्या बाईकडे जाईल. तुझं काम स्वच्छ असतं, तर आठवड्यातून दोनदा घर पुसायला ये. पोराला मात्र घ्यायचं नाही. शेवटचं हाताने करूनही दाखवलं. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे होते. मला तिचा राग आला आणि कीवही आली. मी हो म्हटलं. सवय झाली होती.

त्या आठवड्यात पेणला शेजाऱ्यांच्या फोनवर सासूशी बोलणं झालं. कामाचं तिने विचारलंच. पोर रडत होतं म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या, एवढंच मी सांगितलं.

"तुझं ते पोर बरं हाय का?"

"बरं आहे."

"दृष्ट उतरली?"

"उतरली हो, आई," मी म्हटलं. समुद्रापलीकडच्या म्हातारीला आणखी काय सांगायचं?

मग मी त्या घरी जाऊन फरशीवर पाणी ओतायला लागले. एका शुक्रवारी बाई घरीच होती, ओट्याशी काही चिरत होती. पोर नुकतं चालायला लागलेलं. ते ओल्या फरशीवरून धडपडत आलं, माझ्या सलवारीचं टोक धरलं, दोन्ही हात वर केले आणि म्हणालं, "उचल."

माझ्या हातातली पाणी ओढायची काठी तशीच राहिली. त्याच्या तोंडून माझी भाषा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाई वळली. "आठवडाभर हेच म्हणतोय," ती म्हणाली. "मला म्हणतो, त्या दुसऱ्या बाईला म्हणतो, मग रडतो. आम्ही पाणी देतो, बिस्किट देतो. काय हवंय त्याला?"

आठवडाभर. मला एकदम भरून आलं. माहीत नाही म्हणावं असंही क्षणभर वाटलं, कारण त्या घरात माझं म्हणून तेवढंच उरलं होतं. पण पोर हात वर करून उभं होतं.

"उचलून घे म्हणतोय," मी सांगितलं.

तिने हात पुसले, खाली वाकली आणि जड जिभेने तो शब्द म्हणून बघितला. "उचल?" पोराने तिच्याकडे हात वळवले. तिने त्याला घेतलं तसं ते तिच्या खांद्यावर मान टाकून गप्प झालं. मला वाटत होतं, एकदा तरी माझ्याकडे बघेल. नाही बघितलं. ती त्याला थोपटत तिथेच, ओल्यात उभी राहिली. मी पाणी त्यांच्या पायांना न लागता दुसऱ्या बाजूने ओढून घेतलं.