हर्षल बोलायला शिकला

नांदुऱ्यात लग्न कुणाचंही असो, मांडव भागवतभाऊंचा असला की पंगत उठल्यावर खुर्च्या रचायचं काम हर्षलचं. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून तो त्यांचे उंच मनोरे उभे करायचा. लाल लालमध्ये, निळ्या निळ्यामध्ये. कुणी घाईत लालमध्ये निळी घातली तर हर्षल सगळं थांबवून ती आधी बाहेर काढायचा. मांडवातली बाकीची पोरं त्यावर खिदळायची, आणि त्यांचं हसणं बघून हर्षलही हसायचा.

हा वंदनाचा एकुलता एक मुलगा. पंचविशीला टेकला होता. अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, चालायला उशीर झाला, आणि बोलायला तर इतका की चौथीनंतर शाळेनं हात टेकले. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. पण एक वाक्य जुळवायला तो एवढा वेळ घ्यायचा की तोवर ऐकणारा निघून गेलेला असायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बुद्धीची वाढ कमी आहे, यावर गोळी नाही.

वंदना शाळेत खिचडी शिजवायला जायची. नवरा गणेश ट्रकवर. आज सुरतेला, उद्या नागपूरला. दिवसा हर्षलला सांभाळणार कोण, हा घोर होता. तो मिटवला भागवतभाऊंनी. गणेशचा लहानपणचा मित्र. "पाठवा, वहिनी, माह्याकडं. चार माणसाईत राहीन," म्हणाले, आणि पोराला गोडाऊनवर घेऊन गेले. तिथं हर्षलला जेवण होतं, माणसं होती, दिवाळीला सदरा होता, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे टेम्पोत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, त्याची जागा पक्की होती.

फक्त तिथं त्याला कुणी हर्षल म्हणत नव्हतं. मतिमंदचं मंद्या झालं होतं. "मंद्या, गाद्या उचल." "मंद्या, पानी आन बे." भागवतभाऊही तेच म्हणत, त्यात त्यांच्या पोटात पाप नव्हतं. वंदनानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला ते लागलं, पण तिनं ते चालवून घेतलं. पोराला अर्थ थोडाच कळतो, अशी तिनं मनाची समजूत घातली. दहा वर्षं ती समजूत टिकली.

मग ते प्रशिक्षण आलं. तिच्या शाळेतल्या सुवर्णा मॅडमनी माहिती काढली होती. पुण्यातल्या एका संस्थेला कुठल्याशा मोठ्या कंपनीनं निधी दिला होता. हर्षलसारख्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना ऑनलाइन शिकवायचं: आपलं म्हणणं आपण कसं मांडायचं, हक्क कसा मागायचा, आणि आपल्यासारख्या दुसऱ्यांनाही कसं पुढं आणायचं. नाव भारदस्त होतं, नेतृत्व प्रशिक्षण. घरी टॅबलेट आला. त्याच्या पाठीवर कंपनीचं चिन्ह होतं आणि नेटचा खर्चही कंपनीच करणार होती.

दर शनिवारी दुपारी वंदना आणि हर्षल टॅबलेटसमोर बसू लागले. पडद्यावर चौकटीचौकटींत माणसं. बीबी गावचे पुंजाजीआजोबा नातवाला मांडीशी घेऊन बसायचे. सोनाळ्याची काजल नेटवर्क मिळावं म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायची, मागून तिच्या आईचा आवाज यायचा. आणि मधल्या चौकटीत शिकवणारी रेवती.

रेवतीची एक गोष्ट वंदनाला पहिल्याच दिवशी दिसली. ती थांबायची. हर्षलला प्रश्न विचारला की शांत बसून राहायची. त्याचे ओठ हलायचे, मान वर-खाली व्हायची, वंदनाच्या जिभेवर उत्तर आलेलं असायचं. रेवती हळूच म्हणायची, "ताई, त्याला बोलू द्या." आणि हर्षल बोलायचा. पोराच्या उत्तरासाठी असं कुणी थांबलेलं वंदनानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतः तरी कुठं वाट पाहिली होती? त्या दिवशी ती चहाच्या निमित्तानं उठून आत गेली आणि पदरानं डोळे पुसून आली.

एका शनिवारी रेवतीनं विचारलं, "लोक तुम्हाला काय म्हणून हाक मारतात? तुम्हाला ते आवडतं का?"

हर्षल म्हणाला, "मंद्या." मग पुष्कळ वेळ काही नाही. मग म्हणाला, "नाही आवडत."

म्हणजे पोराला इतकी वर्षं कळत होतं.

"मग त्यांना काय सांगशील?" रेवतीनं विचारलं. आणि पुढचे कित्येक शनिवार त्यांनी एकच वाक्य घोटलं. समोर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं: माझं नाव हर्षल आहे. मला हर्षल म्हणा. ज्या दिवशी त्यानं न अडखळता ते म्हटलं, त्या दिवशी सगळ्या चौकटींतून टाळ्या पडल्या. वंदनाही टाळ्या वाजवत होती. मांडवातली पोरं तिच्या डोळ्यांपुढं आली, पण एवढ्या आनंदात ते बोलून कुणाचा विरस करायचा?

लग्नसराईत एका मोठ्या घरच्या लग्नात ते घडलं. वधूपित्याशी बोलता बोलता भागवतभाऊ ओरडले, "ए मंद्या, खुर्च्या आन बे इकडं!" हर्षलनं हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. चालत त्यांच्यासमोर आला. चारचौघं बघत असताना तो ओठ हलवत उभा राहिला आणि मग शिकवल्याप्रमाणे वाक्य म्हणाला. पाहुण्यांत हशा झाला. भागवतभाऊही हसले, म्हणाले, "हो बाप्पा, हर्षलराव! आना आता खुर्च्या."

तिथंच मिटलं असतं. पण मांडवातल्या पोरांना खेळणं मिळालं. दिवसभर कुणी हर्षलराव म्हणे, कुणी मंद्याराव म्हणे, आणि प्रत्येक वेळी हर्षल हातातलं काम खाली ठेवून त्या पोरासमोर जाऊन उभा राही आणि ते वाक्य म्हणे. काम खोळंबलं. शेवटी तो दमून बसायला गेला तर कुणीतरी मागून खुर्ची ओढली. तो पाठीवर आपटला. उठला आणि त्यानं तीच खुर्ची भिरकावली. ती लागली नवरदेवाच्या मामाला.

दिवेलागणीला टेम्पो दाराशी आला.

"वहिनी, मी त्याले पोटच्या पोरासारखं वागवलं," भागवतभाऊ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "पन आज पार्टीसमोर माही इज्जत गेली. आता नाई जमत."

"भाऊ, त्यानं मागितलं काय? नावानं हाक माराले सांगतलं नं फक्त?"

"मी मारीन हो. पन त्या पोट्ट्याईची तोंडं मी कशी बंद करू? माह्यापाशी ते काम सोडून जातीन." मग जाता जाता वळून म्हणाले, "त्या मोबाईलवाल्या बाईले सांगा, शिकवलं तर तिनंच ठेवून घ्यावं त्याले कामाले."

पुढच्या शनिवारी हर्षलनं स्वतःहून सांगितलं, "मी बोललो. भागवतकाकाले." पडद्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. रेवतीचे डोळे भरून आले. टाळ्या थांबल्यावर वंदनानं पुढचं सांगितलं. पुंजाजीआजोबांनी नुसती मान हलवली.

नंतर रेवतीचा वेगळा फोन आला. वंदना म्हणाली, "बोलाले तुमी आमाले शिकवलं, मॅडम. आयकाले त्याईले कोन शिकवन?"

"तेच पुढच्या वर्षी करायचंय, ताई," रेवती कळकळीनं म्हणाली. "दुकानदार, गॅरेजवाले, मंडपवाले, सगळ्यांचं प्रशिक्षण. प्रस्ताव तयार आहे. फक्त निधी पुन्हा मिळायला हवा." मग थोडं अडखळून म्हणाली, "समारोपाला कंपनीचे देवेश सर असतील. हर्षलची गोष्टच आम्ही पुढं ठेवणार आहोत. तुम्ही दोन शब्द बोला. पण ताई... कामावरून काढलं, तो भाग नको. नकारात्मक वाटतं त्यांना. निधी अडला तर पुढचं सगळंच राहील."

वंदनानं रात्रभर विचार केला नाही की कुणाला विचारलं नाही. ज्या गोष्टीनं पोराला परत मांडवात जागा मिळेल ती करायची, एवढंच तिला समजत होतं. ती हो म्हणाली.

समारोपाच्या दिवशी हर्षलनं निळा शर्ट घातला. पडद्यावर आधी एक फिल्म झाली. तिच्यात हर्षलचा फोटो होता आणि मागं बासरी वाजत होती. देवेश सर काचेच्या मोठ्या खिडकीपुढं बसले होते. वंदनाचं नाव पुकारलं गेलं.

"माह्या पोराले आता सगळे नावानं हाक मारतात," ती म्हणाली. "भागवतभाऊ त्याले लय मानानं वागवतात. हे सगळं तुमच्यामुळं झालं, सर."

शेजारी बसलेल्या हर्षलनं मान वळवली. तो तिच्याकडं बघत राहिला. ओठ हलू लागले. वंदनाला कळलं काय येणार आहे. तिनं त्याचा गुडघा दाबला.

"नाही," हर्षल म्हणाला. "मले काढलं." आणि मग, "आई खोटं बोलते."

सगळ्या चौकटी थिजल्या. रेवतीचा आवाज आला, "ताईंकडं नेटवर्कचा थोडा प्रॉब्लेम दिसतोय, आपण पुढं जाऊ या." आणि इकडच्या माइकच्या खुणेवर आवाज बंद केल्याची लाल रेघ आली.

हर्षलला लाल रेघ कळत नव्हती. तो बोलत राहिला. आयुष्यात कधी बोलला नव्हता एवढं. "मी खुर्ची फेकली. पहिले त्यानं वढली. भागवतकाकानं मले टेम्पोत पुढं नाही बसवलं. मांगं बसवलं, खुर्च्याईत. अंधार होता." पडद्यावर देवेश सर हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते. ऐकायला एकटी वंदना होती.

निधी काही मिळाला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर रेवतीचा फोन आला. कंपनीनं या वर्षी तळी खोदायचं ठरवलं होतं. "तळ्याचा फोटो चांगला येतो, ताई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच कडवटपणा होता. "माझी नोकरीही त्याच निधीवर होती."

"म्हंजे मी खोटं बोलली, ते बी फुकटच गेलं," वंदना म्हणाली. तिनं फोन ठेवला.

तरी ती काही दिवस झटली. शनिवारची बैठक आपणच चालवू, म्हणून सगळ्यांना फोन केले. पुंजाजीआजोबा एकदोनदा आले, मग नातवाला घेऊन मुलाकडं जालन्याला गेले. काजलचा टॅबलेट तिच्या भावानं गेम खेळायला घेतला. शेवटी पडद्यावर वंदना आणि हर्षल एवढेच उरले, एकाच चौकटीत, स्वतःकडं बघत.

मग ती भागवतभाऊंकडं गेली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हताच. म्हणाले, "पाठवा. पन ते भाषन बंद. कोनी काही म्हनो, खुर्च्या उचलायच्या न् गप राहायचं."

घरी येऊन तिनं हर्षलला सांगितलं.

"मंद्या म्हनतीन?" त्यानं विचारलं.

"म्हनतीन. तू लक्ष नको देऊ."

"मंग नाही जात."

तिनं समजावलं, हातापाया पडली, टेम्पोत पुढं बसायला मिळेल म्हणाली. तो नाही म्हणत राहिला. आणि वंदनाचा हात उठला. जन्मात तिनं त्याला चापट मारली नव्हती. हर्षल रडला नाही. गालावर हात ठेवून तो तिच्याकडं असा बघू लागला, जसा मांडवातल्या पोरांकडं बघत असेल.

त्यानंतर तो मांडवात गेला नाही. पण घरीही थांबेना. डीजेचा आवाज आला की तिकडं चालू लागायचा, लांब उभा राहून कुणीतरी चुकीच्या रचलेल्या खुर्च्या बघत राहायचा. एकदा तो रेल्वेच्या रुळांपलीकडं, मालधक्क्याजवळ सापडला. गाडी नुकतीच गेली होती. दिवसा त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेजारणीनं हात जोडले, "वंदना, माह्यानं नाही होत, माय."

आता वंदना शाळेला निघताना दाराला कुलूप लावते. भाताचं ताट झाकून ठेवते, पाण्याची बाटली भरून ठेवते, खिडकी उघडी ठेवते. पहिल्या दिवशी हर्षल खिडकीचे गज धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, कुलूप नको लावू. मले आवडत नाही." कुठं अडखळला नाही, कुठं थांबला नाही.

तिनं कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

शाळेत पोचली तेव्हा तिच्याबरोबर खिचडी करणारी रुखमाबाई तांदूळ धूत होती. तिनं विचारलं, "हर्षल बोलते का वो आता बरं?"

"बोलते," वंदना म्हणाली, आणि चुलीवर पातेलं चढवलं. "लय साफ बोलते."