कापलेली चार मिनिटं

सेलूहून मी निघालो तो सकाळच्या नागपूर एसटीनं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आईनं हातावर दही ठेवलं, "पोचला का फोन करजो" म्हणाली आणि खराटा उचलून दाराआड उभा केला. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत झाडलोट बंद, हा तिचा नियम. निघालेल्याची पावलं पुसू नयेत, एवढंच कारण ती सांगायची. मी नागपूरच्या वर्तमानपत्रात होतो तेव्हा हा नियम दोन-तीन तासांत सुटे. या वेळी मी कोरियाला, सोलमधल्या एका इंग्रजी दैनिकात कॉपी-एडिटर म्हणून चाललो होतो.

शेजारच्या किराणा दुकानातला फोन तिसऱ्या दिवशी लागला. दुकानदार काका म्हणाले, "तीन दिस झाले, तुई माय घर झाडून नाई राह्यली. आम्हाले वाटलं, आजारीच पडली."

सोलमध्ये काम तेच होतं, मजकूर छाटायचं. दोनेक वर्षांनी एका नाटक कंपनीनं बोलावलं. त्यांचं स्वतःचं संगीत नाटक तिथं चांगलं चाललं होतं, आता ते परदेशी न्यायचं होतं. इंग्रजी सबटायटल्स तपासायची आणि परदेशी प्रेक्षक कुठं अडखळेल तिथं खूण करायची, असं काम होतं.

नाटकात खेड्यातली एक मुलगी शहरात शिवणकामाच्या कारखान्यात जाते. ती गेल्यावर आई पितळी वाडग्यात भात भरते, झाकण लावते, वाडगा रजईत गुंडाळून, तिकडच्या घरांत खालून तापवलेली असते त्या उबदार जमिनीवर ठेवते आणि शेजारी बसून राहते. चार मिनिटं. गाणं नाही, संवाद नाही. मी समासात लिहिलं: अर्थ लागणार नाही, कापावं.

दिग्दर्शिका बाईंनी एकदाच विचारलं, "तुमच्याकडे मुलगा गेल्यावर आई काय करते?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो.

शेवटचा निर्णय त्यांनी माझ्या रजेपर्यंत लांबवला. पुन्हा विचार करा, नाटकाचं सामान जहाजावर चढण्याआधी कळवा, म्हणाल्या. मी मूळ प्रयोगाची व्हीसीडी घेऊन सेलूला आलो आणि ती बॅगेतच राहिली. रजा संपायला दोन दिवस असताना काकांच्या घरी लावली. आईला कोरियन काय, इंग्रजीही येत नव्हतं. गाणी चालू असताना ती तूर निवडत होती. तो प्रवेश आला तेव्हा तिचा हात थांबला.

"भात झाकून ठेवला तिनं," ती म्हणाली. "पोरगी पोचल्याचं कळलं नसन अजून."

मी बसस्टँडजवळच्या बूथवरून सोलला फोन केला. पेट्या आदल्या आठवड्यात गेल्या होत्या, वाडगा आणि रजई त्यांत नव्हती. नव्या क्रमानं तालमीही झाल्या होत्या. "तेव्हा विचारलं होतं मी," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

सिंगापूरच्या प्रयोगाला मी मागच्या रांगेत होतो. मुलगी गेली, दिवे मंदावले, लगेच शहर आलं. प्रेक्षक कुठंही अडखळले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात नाटकाच्या वेगाचं कौतुक होतं.

माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना हे सांगायची गरज नसावी. जे मागं राहिले, त्यांच्यासाठी नोंद करतो. पुढं काही वर्षांनी आई गेली. तेव्हा मी सोलमध्ये होतो. घरात आता भाडेकरू आहेत, चांगली माणसं आहेत. मागच्या वेळी कागदपत्रांसाठी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, पुन्हा या म्हणाले. मी बॅग उचलून निघालो.

कोपऱ्यापर्यंत पोचलो नव्हतो, तोच मागं अंगणात खराटा सुरू झाला.