जना मागे राहिला

जना घरतला मी शेवटचं पाहिलं ते मान मागे वळवून. आठ वर्षं आम्ही रोज पहाटे एकत्र धावलो, पण एकत्र हा शब्द म्हणण्यापुरता. तो नेहमी पुढे आणि मी त्याच्यामागे तीस-चाळीस पावलांवर. त्या रविवारच्या शर्यतीत मात्र शिरढोणवरून परतताना तो रस्त्याच्या कडेला आला, वेग कमी केला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी व्हा पुढं. मी येतो पाठोपाठ." काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काय नाय वो. दाढ." आणि हातानेच मला जा म्हणून खुणावलं. मी पुढे गेलो. थोड्या अंतरावरून वळून पाहिलं, तर तो कमरेवर हात ठेवून चालत होता. मी बघतोय हे लक्षात येताच तो दोन-चार पावलं धावला... मला दाखवण्यापुरतीच. त्याला आता सहा आठवडे झाले.

जना टेलिफोन खात्यात लाइनमन होता. गाव खाडीच्या अंगाला, घरची मिठागरं. नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेतली तशी मिठागरं गेली, आणि जना खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन पनवेलच्या गल्ल्यांतून हिंडू लागला. मी इथल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. लग्न केलं नाही. आई गेल्यानंतर घरात बसवेना म्हणून पहाटे वडाळे तलावाभोवती चकरा मारायला लागलो. तिथे एक काळासावळा, काटक माणूस रोज माझ्या शेजारून धावत जायचा. चार-सहा दिवस त्याने नुसतं पाहिलं, मग एक दिवस जागच्या जागी पावलं मारत म्हणाला, "मास्तर, असं मयताच्या पाठी चालल्यासारखं काय चालता? धावा की जरा." मला राग यायला हवा होता. पण कित्येक महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मी धावलो. जेमतेम दोन विजेचे खांब, आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. तो परत आला, माझी धाप ओसरेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "उद्या तीन खांब."

खांब वाढत गेले. तलाव सुटला, गाढी नदीचा पूल आला, पळस्पे फाटा आला, पुढे गोवा रस्त्याने शिरढोणपर्यंत आमची मजल गेली. धावताना तो फार बोलत नसे. परतताना, शेवटचा मैलभर आम्ही चालत यायचो तेव्हा बोलायचा. लहानपणी मिठागराच्या बांधावरून बापासाठी भाकरी घेऊन तो धावत जायचा. बांध अरुंद, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे. पाय घसरला तर दोन्हींकडून मार. "तवापासून सरळ धावायची सवय हाय," असं म्हणायचा. बाप त्याच बांधावर गेला. दुपारी मीठ ओढता ओढता खाली बसला तो उठलाच नाही. वय पन्नाशीच्या आत. हे जनाने मला दोनदा तरी सांगितलं असेल, आणि दोन्ही वेळा मी ते एका दुःखी माणसाची आठवण म्हणून ऐकलं. त्यात जनासाठी काही इशारा असेल हे मला, शिकल्यासवरल्या माणसाला, सुचलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याची दाढ दुखायला लागली. गाढीच्या पुलाचा चढ आला की डाव्या जबड्यावर हात धरायचा. थांबला की पाचेक मिनिटांत दुखणं जायचं. कमळावहिनी, त्याची बायको, लवंग ठेचून द्यायची. शेवटी वैतागून त्याने दाढ काढून घेतली. आठवडाभर धावणं बंद, आणि मग पहिल्याच दिवशी पुलावर पुन्हा तोच हात, तोच जबडा. मला म्हणाला, "मास्तर, दाढ काढली तरी दाढ दुखतेय. ही काय भानगड हाय?" मी हसलो. हसून म्हणालो, "जना, तिचं भूत असेल." तोही हसला. त्या वाक्यावर आम्ही महिनाभर विनोद केले... आज ते मला लिहवत नाहीत. डॉक्टरला दाखव असं मी एकदा म्हणालो होतो, पण बोलण्याच्या ओघात म्हणतात तसं. तो म्हणाला, "रोज अठरा किलोमीटर धावणाऱ्याला डॉक्टर काय बघणार?" मलाही ते पटलं. धावणारा माणूस आजारी नसतो, ही आमची दोघांची श्रद्धा होती. बिड्या ओढणारे, तेलकट खाणारे, पोट सुटलेले, त्यांना होतात ती दुखणी. आमच्या दृष्टीने धावणं म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं.

मग त्या शर्यतीची जाहिरात लागली. एका स्थानिक मंडळाने भरवलेली, एकवीस किलोमीटरची. पनवेलहून निघायचं, गोवा रस्त्याने कर्नाळ्याच्या अलीकडे वळायचं आणि परत. जना हट्टाला पेटला. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला एकदा तरी छातीवर नंबर लावून धावायचं होतं. अर्जात खाली एक ओळ छापलेली होती, मला कोणताही हृदयविकार नाही आणि मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे. कुणी नाडी पाहिली नाही की विचारलं नाही. मी जनाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, त्याने माझ्या पाठीवर.

शर्यत सहाला सुटायची होती. पाहुणे आले सव्वाआठला. मग हारतुरे, भाषण, नारळ. आम्ही तीनशे माणसं साडेपाचपासून रस्त्यावर उभी. जवळचं पाणी पिऊन संपलेलं. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, पण यंदा ऊन लवकर तापलं होतं. शर्यत सुटली तेव्हा डांबर गरम लागत होतं. पळस्प्याला पाण्याचं टेबल होतं. पुढचं टेबल आम्ही पोचेस्तो रिकामं झालेलं, ओले पेले नुसते वाऱ्यावर लोळत होते. वळण घेतलं तेव्हा जना माझ्या पुढे होता. शिरढोण गेलं, आणि तो कडेला आला.

त्यानंतरचे सात किलोमीटर मी कसे धावलो हे मला सांगायलाच हवं, कारण ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मी आनंदात धावलो. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर ती पाठ नव्हती, नुसता रस्ता होता. मनात म्हणत होतो, आज जनाला हरवलं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन वहिनीसमोर कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. शर्यत संपवली, गळ्यात पदकाची फीत पडली, एक संत्रं मिळालं. दुसरं मागून घेतलं जनासाठी, आणि मांडवाच्या सावलीत त्याची वाट बघत बसलो. पाऊण तास गेला. बक्षीस समारंभ सुरू झाला होता. दोन नावांच्या मध्ये ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "एकशे सत्तावीस नंबरच्या स्पर्धकाबरोबर कोणी असेल, तर त्यांनी स्टेजपाशी यावं." आणि लगेच पुढचं नाव, टाळ्या.

एकशे सत्तावीस जनाचा नंबर होता.

पळस्प्याच्या अलीकडे तो रस्त्याच्या कडेला बसला होता. कलिंगडं विकणाऱ्या एका बाईने त्याला पाणी दिलं. तिने नंतर मला सांगितलं, "त्यांनी पानी घेतलं, बरं वाटतंय बोलले. मंग जबडा धरला आन् आडवे झाले." शर्यतीची एकुलती एक रुग्णवाहिका पुढच्या धावपटूंबरोबर गेली होती आणि नंतर मांडवापाशी उभी होती, माझ्यापासून वीस पावलांवर. जनाला एका विटांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर तरुण होते. मी त्यांना दाढेचं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला. म्हणाले, "धावताना दुखायची आणि थांबल्यावर थांबायची?" मी हो म्हटलं. "ती दाढ नव्हती, सर. हृदयाला रक्त कमी पडलं की कधी कधी छातीत दुखतच नाही. जबड्यात दुखतं, खांद्यात दुखतं. घरात आधी कुणी असं अचानक गेलं होतं का?" मी मिठागराच्या बांधाचं सांगितलं. माझ्या हातात अजून ते संत्रं होतं.

कमळावहिनीने मला एकच प्रश्न विचारला. बायका बसलेल्या होत्या, त्यांच्यातून मान वर करून म्हणाली, "मास्तर, तुमी त्यांच्या बरोबर व्हता ना?"

मी म्हणालो, "मी पुढे होतो, वहिनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला समजेना, पुढे तर नेहमी जना असायचा.

तेराव्यानंतर मंडळाने शोकसभा घेतली. पुढच्या वर्षीपासून पहिल्या क्रमांकाचा चषक जनाच्या नावाने द्यावा असा ठराव मांडला. मी सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी उठलो आणि म्हणालो, चषक नको. शर्यत सहाला सोडा, पाहुणे येवोत न येवोत. पाणी शेवटच्या माणसाला पुरेल एवढं ठेवा. धावण्याआधी प्रत्येकाला एका डॉक्टरने तपासू द्या, आणि रुग्णवाहिका शेवटच्या धावपटूच्या मागे चालवा, कारण मदत लागते ती मागे राहिलेल्याला. कुणीतरी म्हणालं, "मास्तर भावनेच्या भरात बोलताहेत." तेही खरंच होतं. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर पडताना एक वयस्क गृहस्थ मात्र जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मला जिना चढताना इथे दुखतं," आणि स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन त्या तरुण डॉक्टरांकडे गेलो. स्वतःलाही तपासून घेतलं. माझं हृदय उत्तम आहे म्हणाले. ते ऐकून बरं वाटलं नाही.

आता मी धावत नाही. पहाटे जाग मात्र येते. माझ्या घरी फोन आहे, तो जनानेच खटपट करून बसवून दिला होता. मला फोन करणारं खरं तर कुणी नाही. रोज पाचला दहा कमी असताना तो आपल्या घरून माझा नंबर फिरवायचा आणि एक घंटी वाजली की ठेवून द्यायचा. उठा, मी निघालो, असा त्याचा अर्थ. तो गेल्यानंतर महिनाभर मी त्या वेळेला उठून फोनशेजारच्या खुर्चीवर बसायचो आणि उजाडलं की चहा करायचो.

गेल्या गुरुवारी पाचला दहा कमी असताना फोन वाजला. एकदाच. मी उचलायला हात पुढे केला तोवर थांबला.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच तिने खाली बघत सांगितलं, "मीच केला मास्तर. ते रोज नंबर फिरवायचे ना, ती फोनची चकती मागं यायची कर्रर्र करून... त्या आवाजानं मी उठायची. आता जाग येते आन् आवाजच नाय. वाटलं, आपणच फिरवावा. तुमाला तरास झाला काय?"

"नाही वहिनी."

"मंग करू रोज?"

मी मान हलवली. तेव्हापासून रोज पाचला दहा कमी असताना माझ्या घरात एक घंटी वाजते आणि थांबते. फोन उचलायचा नसतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.