कांबळे मॅडमचे साकव

आमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात चहा यायला उशीर झाला की कुणीतरी हमखास कांबळे मॅडमचा किस्सा काढतं. मॅडम रिटायर होऊन आता काही वर्षं झाली, तरी किस्से संपत नाहीत, उलट वाढतायत. ज्यांनी मॅडमना कधी पाहिलंसुद्धा नाही अशी नवीन पोरंही "मॅडम एकदा काय म्हणाल्या, माहितेय का?" म्हणून सुरू होतात, आणि प्रत्येकजण आपापल्या पदरचं मीठ टाकतो. मी त्यांच्या हाताखाली ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले आणि त्या जाईपर्यंत त्यांच्याबरोबरच राहिले. त्यामुळं मी सांगते ते एकतर डोळ्यांनी पाहिलेलं, नाहीतर त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मीठ कमी वाटलं तर चालवून घ्या.

आमच्याकडं त्या मोठ्या खुर्चीवर बसलेल्या मॅडम पहिल्या बाई. नदीवरचे पूल त्यांनी केले, रस्ते केले. पण लोक त्यांना ओळखतात ते साकवांमुळं. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. माणूस, जनावर, फार तर मोटारसायकल जाईल एवढाच. गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांना पावसाळ्यात त्याचाच आधार. मोठ्या साहेबांना त्यात रस नसतो, फोटोत तो दिसतही नाही धड. मॅडमनी मात्र नोकरीभर साकव बांधले.

*

मॅडमना इंजिनिअरांच्या एका संस्थेनं मोठा सन्मान दिला, तेव्हा एक पत्रकार मुलगी मुलाखतीला आली. चांगली तयारी करून आली होती. म्हणाली, "मॅडम, लहानपणी शाळेला जाताना तुम्हाला ओढा ओलांडावा लागत असणार. तेव्हाच मनात ठरवलं असेल ना, की आपण मोठं होऊन पूल बांधायचे?"

मॅडम म्हणाल्या, "आमच्या गावाला ओढाच नाही. विहिरी आहेत."

मुलगी गडबडली. "मग इंजिनिअरच का व्हावंसं वाटलं?"

"गणित चांगलं होतं. आणि बेडूक कापवेना, म्हणून डॉक्टरकी राहिली."

मुलगी हिरमुसून गेली. मी मॅडमना म्हटलं, "सांगायचा की एखादा ओढा. तेवढंच बरं छापून आलं असतं."

त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मेघा, आहेत त्याच ओढ्यांवर पूल बांधून होईनात. त्यात आणि नवीन ओढा कुठं काढतेस?"

*

हा मी लागायच्या आधीचा, त्यांच्याच तोंडून ऐकलेला. मॅडम नव्या नव्या नोकरीत, अंगानं काडी. जीपवर बापू नावाचे ड्रायव्हर. बापू म्हणजे पांढरा शर्ट, भरघोस मिशा आणि पोट असं, की कुणीही उठून उभं राहावं. एका गावात नवीन इंजिनिअरसाहेब येणार म्हणून लोक जमलेले. जीप थांबली तसा सरपंचांनी बापूंच्या गळ्यात हार घातला, हाताला धरून खुर्चीवर बसवलं, नारळ दिला. बापूंनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. "बसा वो पावणं, बसा," म्हणून लोकांनी दोनदा खाली दाबलं. वर "दोन शब्द बोला" झालं.

मॅडम मागं बायकांच्या घोळक्यात दगडावर बसल्या होत्या. कपडे धुवायला कुठं जाता, पाणी कुठवर चढतं, पोरं कुठनं पलीकडं जातात, असं विचारत होत्या. इकडं बापू घामाघूम. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "मंडळी, मी फकस्त गाडी चालवतो. साहेब त्या तिकडं बसल्यात."

सगळी गर्दी मागं वळली. सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मॅडम तिथनंच म्हणाल्या, "चालू द्या बापू, तुमचं भाषण होऊ दे. माझं काम झालंय."

*

पुढचा माझ्यासमोरचा. एका गावाला साकव मंजूर झाला होता. गावाला तो देवळापाशी हवा होता. बौद्धवस्तीला विहारापाशी हवा होता. मॅडम स्वतः बौद्ध, त्याच तालुक्यातल्या, आणि आडनाव ऐकलं की कुणाला वेगळं सांगायला लागत नसे. देवळाच्या कट्ट्यावर आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एकजण म्हणाला, "बघा, आता आपल्या माणसांकडंच नेणार." मॅडमनी मान वर केली नाही.

वस्तीत गेलो तर हौसाबाई नावाच्या म्हातारीनं मॅडमचा हात धरला तो सोडलाच नाही. "आमचीच लेक आलीया. आता घोर न्हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

खड्डे घेऊन बघितलं. देवळापाशी गाळ, विहारापाशीही गाळच. पक्का खडक लागला तो वरच्या बाजूला, दोन्हीकडनं लांब. मॅडम विहाराच्या पायरीवर बसल्या आणि वस्तीतल्या लोकांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हौसाबाईनं हात सोडला. म्हणाली, "मग आपलं माणूस साहेब होऊन उपेग काय?"

साकव वरच्या खडकावरच धरला. कामाला सुरुवात झाली त्या दिवशी वस्तीतलं कुणीही आलं नाही.

पावसाळा झाला. ओढ्यानं देवळापासचा काठ खाल्ला, विहाराखालची दोन झाडं नेली. साकव जागच्या जागी राहिला. आम्ही बघायला गेलो तेव्हा हौसाबाई डोक्यावर पाटी घेऊन पलीकडनं येत होती. साकवाच्या मधोमध थांबली आणि मॅडमकडं बघत म्हणाली, "लांब हाय."

"व्हय आजी. लांब हाय," मॅडम म्हणाल्या.

म्हातारीनं पाटी सावरली आणि चालायला लागली. जाता जाता म्हणाली, "पण हाय."

*

मॅडमचं सगळंच बरोबर यायचं असं समजू नका. एका वाडीचा साकव त्यांनी खाली बांधला. पाणी कुठवर चढेल ह्याचा अंदाज चुकला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी साकवावरनं गेलं, कठडे वाहून गेले आणि वाडी पलीकडं अडकून पडली. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. लोकांना वाटलं पाऊसच तसा झाला. ऑफिसलाही तेच वाटलं, म्हणजे वाटून घेतलं.

पाणी ओसरल्यावर मॅडमनी वाडीतली माणसं शाळेच्या पटांगणात गोळा केली. उभ्या राहून म्हणाल्या, "साकव खाली झालाय. ठेकेदाराची चूक न्हाय, पावसाचीबी न्हाय. माझा अंदाज चुकला. मी तो उचलून देणार."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. साहेब असं बोलतात हे त्यांना नवीन होतं. एका माणसानं उठून त्यांना प्यायला पाणी आणून दिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. फार चिडले होते. "बाई, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

मॅडम म्हणाल्या, "पाण्यानं विचारलं की, साहेब."

चौकशी लागली. बढती लांबली. त्यांच्यामागनं आलेले पुढं गेले. त्या वर्षी मॅडम डबा तसाच परत न्यायच्या. पण साकव उचलून झाला, तेव्हा कुठं त्या एक दिवस रजेवर गेल्या.

*

त्यानंतर काही वर्षांनी आयर्लंडच्या एक इंजिनिअर बाई आपल्याकडं आल्या होत्या. नाव नोरा. वयानं मॅडमपेक्षा मोठ्या, पांढरे केस, पायात मातीनं भरलेले बूट. त्यांच्या देशात त्यांनी बोगदे आणि पूल बांधलेले, तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या त्या अध्यक्षही झालेल्या. ऑफिसनं दौरा आखला होता. नदीवरचा मोठा पूल, मग राजवाडा, मग पांढरा रस्सा. नोरा बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना विचारलं, "तुमचं चुकलेलं एखादं काम आहे का? ते दाखवाल?"

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यांना घेऊन थेट त्या वाडीला गेल्या, उचललेल्या साकवावर. दोघी वाकून किती वेळ तळातले दगड बघत होत्या. वैरणीचे भारे घेऊन चाललेल्या बायका कौतुकानं थांबल्या.

तिथं नोरा बाईंनी त्यांची एक आठवण सांगितली. तरुणपणी त्या पहिल्यांदा बोगद्यात उतरल्या तेव्हा कामगारांनी हत्यारं खाली ठेवली आणि ते बाहेर निघून गेले. बोगद्यात बाई आली की अपशकुन होतो म्हणून. त्या दिवशी त्या बोगद्याच्या तोंडाशी एकट्याच उभ्या होत्या.

मॅडमनी हे आपल्या भाषेत बायकांना सांगितलं. एकीनं भारा खाली ठेवला. "कुठलं गाव म्हणालासा ह्यांचं?"

"आयर्लंड. लई लांब. समुद्राच्या पलीकडं."

ती बाई नोरा बाईंकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लांब पोचलंय व्हय हे?"

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. नोरा बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य मॅडमकडनं पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

*

नदीवरच्या त्या मोठ्या पुलाचीही एक गोष्ट आहे. आराखडा मॅडमचा, पाया त्यांनी उभं राहून भरून घेतलेला. पूल पुरा व्हायला थोडं राहिलं आणि त्यांची दुसऱ्या कामावर बदली झाली. उद्घाटनाची पत्रिका मिळाली नाही. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव होतं, साहेबांचं होतं, ठेकेदाराचंही होतं. मॅडमचं नव्हतं.

त्यांची आई, सगळे आक्का म्हणायचे, तेव्हा त्यांच्याकडंच असायच्या. आक्कांनी हट्ट धरला, "तुझा पूल दाव." मॅडम टाळत होत्या. शेवटी एका रविवारी आम्ही तिघी गेलो. आक्का पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी टेकत चालत गेल्या, कठड्याला हात लावत परत आल्या. मग त्यांना ती कोनशिला दिसली. आक्कांना अक्षरओळख नव्हती. म्हणाल्या, "ह्यात तुझं नाव कुठलं गं?"

मी दुसरीकडं बघायला लागले. मॅडमनी आक्कांचं बोट धरलं आणि सगळ्यात वरच्या ओळीवर ठेवलं. ते मंत्र्यांचं नाव होतं, पदव्या-बिदव्यांसकट. आक्का त्या अक्षरांवरनं बोट फिरवत गेल्या, फिरवत गेल्या, ओळ काही संपेना.

"लई मोठं हाय की गं तुझं नाव," आक्का म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, "लग्नानंतर वाढलं, आक्का."

*

आणि हा शेवटचा. मॅडम रिटायर झाल्यानंतरचा.

डोंगरातल्या एका वाडीच्या लोकांनी जेवायला बोलावलं होतं. तिथला साकव मॅडमनी नोकरीच्या शेवटी बांधलेला. पाऊस उघडला होता, पण ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. जेवताना कुणीतरी सांगितलं, "मॅडम, सगळी वाडी साकवावरनं जाती. एकटा रामू तात्या जात न्हाय. खालनं, पाण्यातनं जातोय. पोरानं सांगून बघितलं, सुनंनं रडून बघितलं. एक दिवस जायचा वाहून."

मॅडमनी हात धुतले आणि म्हणाल्या, "कुठं असतात?"

तात्या ओढ्याच्या काठावर बसलेले होते. पिकलेले, वाळके, खांद्यावर घोंगडं. मॅडम त्यांच्याशेजारी दगडावर बसल्या. मी थोडी मागं उभी राहिले. मग तात्याच म्हणाले, "साकव चांगला केलाईसा. माझा काय राग न्हाय."

"मग वरनं का जात न्हाई, तात्या?"

तात्या पाण्याकडं बघत म्हणाले, "म्हातारीला दवाखान्यात न्यायचं हुतं. तवा हे न्हवतं. पाठीवर घेऊन ह्याच पाण्यातनं निघालतो. मधी आलो तवा ती माझ्यासंगं बोलत हुती. पलीकडं पोचलो तवा न्हवती." पाण्याकडं हात करून म्हणाले, "आता तिला हितं सोडून मी वरनं कसा जाऊ?"

मला वाटलं आता मॅडम काहीतरी सांगतील, समजूत घालतील. पण तात्या पलीकडं जायला उठले तशा त्याही उठल्या. चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडी वर खोचली आणि तात्यांचा हात धरून पाण्यात उतरल्या.

मी साकवावर धावले. खाली बघितलं तर दोघंजण हातात हात घालून हळूहळू चालले होते. पाण्याला ओढ होती. मधोमध आल्यावर तात्या थांबले, तशा मॅडमही थांबल्या. तात्यांचे ओठ हलत होते, पण ते मॅडमशी बोलत नव्हते. मॅडम मान खाली घालून उभ्या होत्या. पुढचं पाऊल टाकताना त्यांचा पाय शेवाळलेल्या दगडावरनं सटकला. त्या कमरेपर्यंत पाण्यात गेल्या. तात्यांनी दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि घट्ट धरून ठेवलं.

पाण्याच्या आवाजातनंही मला वर तात्यांचं बोलणं ऐकू आलं.

"पडशील पोरी. फुडच्या बारीला वरनं जाऊया."